नरहरपंत गाभारे दुसऱ्या कोटात उतरले ते वर्तमान

॥ श्री विद्युल्लता प्रसन्न ॥

शके एक हजार नऊशे सव्वीस, तारणनाम संवत्सर, चैत्र शुद्ध द्वितीयेस हे प्रकरण उद्भवले. खावंदांची आज्ञा जाहली की, नरहरपंत गाभारे अव्वल कोटातून दुसऱ्या कोटात कैसे उतरले, मध्ये चूक काय जाहली आणि शेवट काय लागला, हे साद्यंत लिहून ठेवणे. त्यावरून जे डोळ्यांनी देखिले ते लिहितो, आणि जे देखिले नाही तेही लिहितो, कारण बखर म्हटली की इतके चालायचेच.

ऐसियास, राज्य म्हणावे तर नखाएवढे. वाळू वितळवून केलेल्या चकतीवर बांधलेले, ज्यास व्यवहारात प्रोसेसर म्हणतात. परंतु आकारावर जाऊ नये, त्यास कोट चार, एकात एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. सर्वांत आतला तो अव्वल कोट, त्याचा अंक शून्य. सर्वांत बाहेरच्या चौथ्या कोटात रयत नांदे, असामी तीनशे बारा. कोणी पत्रे लिही, कोणी चित्रे शिवी, कोणी गाणी वाजवी. आणि मधले दोन कोट पहिल्या दिवसापासून ओसाड. बांधणाऱ्यांनी ते कशास बांधले म्हणाल, तर पुढे उपयोगी पडतील म्हणोन, जैसे लोक माळ्यावर रिकामे डबे ठेवितात. अव्वल कोटात कारभारी नरहरपंत गाभारे राहात. राज्याचा जो गाभा, ज्यास इकडे कर्नेल म्हणतात, तो हाच. रयतेस खोली कोणती, पाळी केव्हा, दार कोणास उघडावे, हे सर्व पंत नऊ वर्षे आठ महिने स्वहस्ते करीत आले, आणि त्या मुदतीत एकाच्या खोलीत दुसरा शिरला असे एकदाही घडले नाही. याचा पंतांस अभिमान होता, आणि का नसावा?

खोल्या देण्याची रीत सांगतो, कारण पुढे सर्व अनर्थ तीतूनच जाहला. एक लाकडी फळा होता, त्यावर हरएक खोलीचा खळगा, आणि खोली रिकामी असली की खळग्यात चिंचोका. पंत चिंचोका पाहात, चिठ्ठी लिहीत, दाराशी जाऊन ती हातात देत आणि मग परत येऊन चिंचोका उचलीत. आता, कोटात एक नगारा होता, तो ठराविक पळांनी वाजे आणि वाजला की पाळी बदले, आणि भिकाजी पाळीवाले नावाचे कारकून धावत येऊन पहिला चिंचोका दिसेल ती खोली तिष्ठत असलेल्यास देत. पंत चिठ्ठी घेऊन दाराशी गेलेले असता नगारा वाजला तर एकच खोली दोघांस जावयाची. म्हणोन पंत आधी नगाऱ्याची खुंटी पिळून तो गप्प करीत, आणि काम होताच खुंटी होती तशी ठेवीत. नगारा अगदी डोक्याशी असल्याने तो पुन्हा वाजू लागला की कानठळ्या बसत. त्यावर उपाय म्हणोन पंतांचे वडील, म्हणजे मागील आवृत्ती, खोली देतेवेळी कानांत कापसाचे बोळे घालीत, आणि वडील घालीत म्हणोन पंतही घालीत.

असे सुरळीत चालले असता अधिष्ठाते सरकार म्हणोन नवे धनी आले. त्यांनी पाहिले की किल्ल्याचा दहावा हिस्साच कामास येतो, बाकी दिवसभर नुसते पंखे फिरतात. मनात आणिले की एका किल्ल्यात चार राज्ये नांदवावी, चार कारभारी ठेवावे, आणि त्या चौघांवर आपण अव्वल कोटात बसावे. मग पंतांस बोलावून सरकार बोलिले, "पंत, आपण दुसऱ्या कोटात राहावे. काम तेच, मान तोच. फक्त किल्ल्याच्या कळांस आपला हात लागता नये. जे हवे त्याचा अर्ज खिडकीतून द्यावा, आम्ही करून देऊ."

पंतांचा चेहरा पडला. बोलिले, "सरकार, नऊ वर्षे या हातांनी…"

"हात चांगले आहेत," सरकार बोलिले, "परंतु चौघांचे आठ हात एका नगाऱ्यावर पडले तर नगारा फुटेल. चाळीस दिवसांची मुदत देतो. एकेचाळिसाव्या दिवशी मी रयतेस एकेकास पुसेन. तुमच्या रयतेने तिळमात्र रीत बदलू नये आणि तिला काही बदलले असे वाटूही नये. एकानेही बदल जाणवल्याचे सांगितले, तर दुसरा कारभारी येईल, आणि तो येताना आपली माणसे घेऊन येईल."

म्हणजे तीनशे बारा असामी रस्त्यावर, हे पंतांस न सांगता उमगले. पगडीवरील शून्याचा बिल्ला काढून एकाचा लाविला. शून्याचा एक होणे यास दुसरीकडे बढती म्हणतात, येथे ती उतरणी होती, आणि पंत ओसाड कोटातील पारवे हाकलून तेथे राहते जाहले.

सरकारांनी मदतीस सगुणाबाई दुरुस्तकरीण दिल्या. बाई पन्नाशीच्या, तोंडात सदा लवंग, बोलणे फटकळ परंतु मन साफ. पंतांच्या दिनचर्येची सहा हजार कलमांची पोथी त्यांनी मांडीवर घेतली, तो पंत कळवळून बोलिले, "बाई, ही वडिलांची पोथी. तीत खाडाखोड करणे म्हणजे बापाच्या मिशीस कात्री लावणे."

"मिशी राहील, पंत. मला फक्त हात कापायचे आहेत," बाई बोलिल्या, आणि पंत दचकले तेव्हा समजाविले, "पोथीतले हो. जेथे 'स्वहस्ते करावे' लिहिले आहे तेथे 'अर्ज करावा' लिहायचे. एवढेच काम. पण शोधायचे कसे, ते सांगा."

शोधण्याची युक्ती किल्ल्यानेच दिली. बांधणाऱ्यांनी चारी कोटांत एकाच नमुन्याच्या कळा, दोऱ्या, खुंट्या बसविल्या होत्या. अव्वल कोटात फिरविली की काम होई, बाहेरच्या कोटात तीच फिरविली की पहारेकरी गेनोजी देवडीकर भिंतीपलीकडून ओरडत, "हात मागे!" आणि काम जागीच अडे. बाईंनी ठरविले की पंतांनी दिवसभर नित्याचे काम करावे, आणि जेथे गेनोजी ओरडतील ते कलम बाईंनी बदलावे. पहिल्या दिवशी दोनशे चौदा वेळा ओरडा जाहला. बिचारे गेनोजी! परवापर्यंत ज्यांस मुजरा केला त्यांच्यावरच ओरडणे आले. "हात मागे! …माफी असावी, पंत," असे ते हरवेळी जोडून म्हणत, त्यामुळे काम दुप्पट लांबे. पंत संकोचाने अर्धे जाहले. त्यात हट्ट असा की हरएक अर्ज वेगळा न्यावयाचा, आणि खिडकीपर्यंत खेपा घालून पाय सुजले, तेव्हा बाईंनी खडसाविले, "दहा अर्ज साचू द्या आणि एक जुडी करून न्या. अभिमान पायांनी वाहायचा नसतो." पंतांनी ते ऐकिले, म्हणजे दोन दिवस न ऐकून मग ऐकिले. ओरडा दोनशेवरून नव्वदावर आला, नव्वदावरून बारावर, आणि एकतिसाव्या दिवशी सकाळपासून सायंकाळपर्यंत गेनोजींनी तोंड उघडले नाही. बाईंनी गूळ वाटिला. पंत बोलिले, "ओरडा नाही म्हणजे चूक नाही. जिंकलो, बाई." गेनोजींस तर इतका आनंद जाहला की घसा बसला असतानाही त्यांनी दोन खडे अधिक मागून घेतले.

बत्तिसाव्या दिवशी बाळकोबा मेला.

हा बाळकोबा नकलनवीस पंतांचा पहिल्या दिवसापासूनचा. पत्रांच्या नकला करी. चष्मा कपाळावर, बोटे शाईने काळी. खोलीची चिठ्ठी मिळाली की दर वेळी म्हणे, "पंत आहेत म्हणून पाठ टेकतो." त्या दिवशीही चिठ्ठी घेऊन तेच म्हणाला. कानांत कापूस होता, परंतु ओठांवरून पंतांस कळले. खोली एकाहत्तर. तो नऊ हजार ओळींच्या पत्राची नकल मांडून बसला, आणि त्याच खोलीत द्वारकाबाई नावाच्या चित्रे शिवणाऱ्या बाई चिठ्ठी घेऊन आल्या, तो बाळकोबा शाई भरावयास खाली वाकलेला, खोली रिकामी दिसली, म्हणोन त्यांनी आपले कापड पसरिले आणि टाके घालू लागल्या. बाळकोबाची पाने कापडाखाली शिवली गेली. त्या राज्याची रीत अशी की, ज्याचे पान हातचे गेले तो जागीच कोसळे. त्यावर औषध नाही, वैद्य नाही. वर येऊन त्याने पान चाचपिले, सापडले नाही, आणि तो पडला.

पंत धावत आले. देह पाहिला, मग चिठ्ठ्या पाहिल्या. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकाहत्तर. एक त्यांची, दुसरी भिकाजींची. पंत भिकाजींवर कडाडले, "अरे, मी खोली देत असता तुम्ही फळ्यास हात लाविलाच कसा?"

भिकाजी बोलिले, "नगारा वाजला, पंत. चिंचोका होता. मी दिली."

"नगारा कसा वाजेल? खुंटी मी पिळली होती."

"वाजला, पंत. देवाशपथ वाजला. आम्हां कारकुनांनी ऐकिला. गेला महिनाभर आपण खुंटी पिळता आणि तो वाजतोच. आम्हांस वाटले, नवी रीत असेल."

मग पंत गेनोजींकडे वळले. "खुंटी माझ्या हातची राहिली नाही, तर तुम्ही ओरडला का नाहीत?"

गेनोजी बसलेल्या घशाने बोलिले, "पंत, कोणकोणत्या कळेमागे उभे राहावे, याचा मला लेखी हुकूम आहे. त्यात ती खुंटी नाही. तिच्यामागे कोणीच उभे नाही. ती फिरते, आणि फिरून काहीच होत नाही."

सगुणाबाईंच्या तोंडची लवंग खाली पडली. बांधणाऱ्यांची ही ती चूक. काही कळांमागे पहारा ठेवावयाचा ते विसरले होते. बाहेरच्या कोटात फिरवा, कोणी ओरडत नाही, काम होतही नाही, आणि फिरविणाऱ्यास वाटते की जाहले. इतकी वर्षे मधल्या कोटांत पाऊलच कोणी ठेविले नव्हते, तर कळणार कोणास? बाई हलकेच बोलिल्या, "पंत, नगारा बंद झाला हे आपण ऐकत होता की मानत होता?"

पंत या खेपेस कानांत बोळे न घालता खुंटीपाशी गेले, आणि ती पिळली. पलीकडे नगारा धडधड वाजत राहिला. पुन्हा पिळली. वाजतच राहिला. एकतीस दिवस आपण भिंतीतल्या निर्जीव लाकडास हुकूम देत होतो आणि इतर खोल्यांत असे घडले नाही ते केवळ दैवाने, हे त्यांस कळले, आणि पंत तेथेच खाली बसून लहान लेकराप्रमाणे रडले. चारचौघांत रडले, लपविले नाही. "तो म्हणायचा, पंत आहेत म्हणून पाठ टेकतो," इतकेच पुनःपुन्हा बोलत. बाईंनी पाणी दिले, ते तसेच राहिले.

मुदतीचे आठ दिवस उरले होते. गेनोजींच्या ओरड्याचा आता उपयोग नाही, कारण चूक तेथे लपली होती जेथे ओरडा नाही. मग दुसरी रीत काढिली. पंतांनी सहा हजार कलमांतील एकेक कळ फिरवावी, आणि भिकाजींनी दुसऱ्या टोकाशी उभे राहून पाहावे, की जे व्हावयाचे ते जाहले की नाही. पंत ओरडून पुसत, "पोहोचले काय?" आणि भिकाजी म्हणत, "पोहोचले," किंवा म्हणत, "नाही, पंत," आणि हरएक 'नाही' बाई पोथीत टिपीत. अशा मुक्या कळा एकंदर सतरा निघाल्या. काही नुसत्या विनोदी; एक आरसा होता, ज्यात पाहून पंत रोज आपल्या बिल्ल्याचा अंक शून्य असल्याची खात्री करीत, आणि त्यात हल्ली एक दिसे हे त्यांच्या ध्यानीच आले नव्हते, कारण पाहण्याची सवय होती, वाचण्याची नव्हती. काही मात्र खुंटीसारख्या घातकी. सतराही कलमे बाईंनी बदलिली. कापूस पंतांनी स्वतः चुलीत टाकिला.

परंतु एक खोड पंतांस लागली ती सुटेना. कळ राहो, अर्ज राहो, कोणास खोली देवोत की पाळी, मागाहून दाराशी जाऊन पुसत, "पोहोचले काय?" बाई बोलिल्या, "पंत, पुरे आता. रयतेच्या ध्यानी येईल. अट आठवते ना?" पंत बोलिले, "आठवते." आणि पुसत राहिले. चाळिसाव्या दिवशी ते द्वारकाबाईंच्या दारापर्यंत गेले. हेतू असा की, उद्या सरकार पुसतील, तर एकाहत्तर खोलीची गोष्ट तेवढी बोलू नये, अशी विनवणी करावी. तीनशे अकरा जणांचा प्रश्न होता. कोणीही गेला असता. दार उघडले, द्वारकाबाई सुई दातांत धरून उभ्या. पंतांनी तोंड उघडिले आणि बोलिले, "आपला धाग्याचा गठ्ठा पोहोचला काय?" पोहोचला म्हणताच मान हलवून परत आले. आमच्या मते हे शहाणपण नव्हते, परंतु आमचे मत कोणी मागितले नव्हते.

वैशाख शुद्ध द्वादशीस दरबार भरला. सरकार बैठकीवर, बाजूस लेखक, समोर रयत. एकेकास पुसले, "गेल्या चाळीस दिवसांत काही बदल जाणवला काय?" पहिला म्हणाला नाही, दुसरा म्हणाला नाही. गाणी वाजविणारा म्हणाला, कसला बदल? तीनशे दहा जणांनी नाही म्हटले, आणि पंतांचा ऊर भरून आला. शेवटी द्वारकाबाई पुढे जाहल्या. अट कोणती, डावावर काय, हे रयतेस ठाऊक नव्हते, तेव्हा त्यांनी सरळ सांगितले.

"जाणवला, सरकार. पंत हल्ली पुसतात."

सगुणाबाईंनी डोळे मिटले.

"काय पुसतात?"

"पोहोचले का, म्हणून. खोली दिली की येऊन पुसतात, धागा दिला की येऊन पुसतात. आधी नव्हते हो पुसत. द्यायचे आणि जायचे. इतरांस तो बदल वाटला नसेल, मला वाटला."

पंतांनी पगडी उतरविली आणि दोन्ही हातांत धरून पुढे केली. सरकारांनी पगडीकडे पाहिले नाही. पुसले, "बाई, त्याने कामाचा खोळंबा होतो?"

"खोळंबा कसला? नऊ वर्षांत मला कोणी पुसलेच नव्हते," द्वारकाबाई बोलिल्या, आणि मग पदरातून एक चुरगळलेले पान काढिले, त्यास चहूंकडून टाक्यांची भोके. "हे माझ्या कापडाखाली निघाले. त्या बाळकोबाचे. सरकार, त्या दिवशी कोणी दाराशी येऊन एकदा पुसले असते ना, तर तो म्हातारा आज माझ्या शेजारी उभा असता. पंतांस मी दोष देत नाही. पुसतात ते बरे करतात, इतकेच."

गेनोजींनी खोकला दाबिला. मग सरकार लेखकास बोलिले, "अट काय होती ती वाचा."

लेखकाने वाचिले, "बदल जाणवल्यास दुसरा कारभारी येईल."

"अट पुरी करणे भाग आहे," सरकार बोलिले. "लिहा. दुसरा कारभारी आला. चाळीस दिवसांपूर्वी अव्वल कोटात होता तो हा नव्हे." आणि पंतांकडे वळून, "पगडी घाला, पंत. माणसे दुसऱ्याने आपली आणावयाची होती. ती येथे उभीच आहेत."

पंतांनी पगडी घातली, ती गडबडीत उलटी बसली, बिल्ला मागे गेला, आणि सगुणाबाईंनी ती सर्वांदेखत फिरवून दिली. पंतांनी द्वारकाबाईंकडून पान मागून घेतले. त्यावर शेवटची ओळ होती, "पत्र पावताच उत्तर", आणि पुढे कोरे. ते पान पंतांनी दुसऱ्या कोटातील त्या मुक्या खुंटीस टांगून ठेविले, आणि नगारा थांबविण्याचा अर्ज लिहिताना रोज त्याकडे पाहात.

तात्पर्य, नरहरपंत दुसऱ्या कोटात राहिले, रयत तीनशे अकरा सुखरूप राहिली, किल्ल्यात पुढे तीन राज्ये आणखी आली आणि त्यांच्या कारभाऱ्यांस त्या सतरा कळा पंतांनी स्वतः हिंडून दाखविल्या. जाहले ते वर्तमान येणेप्रमाणे लिहिले. यात काही चुकले असल्यास वाचणाराने ओरडावे. कोणी ओरडले नाही म्हणोन चूक नाही असे आम्ही मानणार नाही, दाराशी येऊन पुसू.